झुलालचा मुरघास

रूपाच्या खळ्यावरून जायला आमच्या गावातल्या बाया भ्यायच्या. दिवसाढवळ्या, चारचौघी बरोबर असल्या तरी पदर तोंडाला लावून लांबच्या बांधाने वळसा घालायच्या. मला त्यांचा भारी राग यायचा. एकदा वाटेतच अडवून विचारलं, "काय गं, तुमचं काय खाल्लंय त्या खड्ड्याने?" एकीने नुसती त्या बाजूला मान वळवली आणि पाय उचलून चालायला लागली.

मी शेवंता. धरणगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या डेअरीवर दोन्ही वेळचं दूध मीच मापून घेते. फॅट लागली नाही की लोक माझ्याशी भांडतात आणि मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. तोंडावर मला सगळे अक्का म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. रूपाचं खळं माझ्या शेताला लागून. ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा मीच तिला विहिरीची वाट दाखवली होती.

रूपा म्हणजे कमी बोलणारी बाई. शिरपूरकडची. जे काय बोलायचं ते म्हशींशी. धार काढताना त्यांच्या पोटाला कपाळ टेकवून हळूहळू काहीतरी सांगत बसायची, आणि मी जवळ गेले की गप्प. तिचा नवरा झुलाल, तोही तसाच. त्या घरात भांडण कसलं ते कोणी ऐकलं नाही. मुलीचं लग्न होऊन ती शिरपूरला गेली, तेव्हापासून घरात दोघं आणि झुलालची म्हातारी आई भिकुबाई. दोघं नवरा-बायको एका ताटात जेवायची. या वयात. मी चिडवायचे, "काय गं, तुमच्याकडे दुसरं ताट नाही का?" रूपा लाजायची, झुलाल मान खाली घालून घास मोडायचा. धरणगावच्या बाजारालाही हा माणूस सांगितल्याशिवाय जात नसे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळं याच्यावरच अडून बसलं.

झुलालला मुरघासाचं वेड लागलं ते आमच्या डेअरीमुळेच. मुरघास म्हणजे हिरवा चारा बारीक कापून, दाबून, हवाबंद करून ठेवायचा आणि उन्हाळ्यात काढायचा. आमच्याकडे चैत्र लागला की हिरवं पान दिसत नाही, म्हणून हे सगळं. पहिल्या वर्षी त्याने कोणालाही न विचारता बांधावरचं नेपियर गवत कापलं, खड्ड्यात भरलं आणि माती टाकून मोकळा झाला. उघडलं तेव्हा आत काळा चिखल. असा वास सुटला की पार चावडीपर्यंत लोक नाक धरून बसले. तरी त्याने थोडं म्हशीच्या पारडूला घातलं आणि ते पारडू गेलं. झुलाल कितीतरी दिवस कोणाशी बोलला नाही. रूपाशीसुद्धा नाही, असं ती मला पुढे म्हणाली.

मग आम्ही डेअरीवर शिबिर ठेवलं. धुळ्याहून जनावरांची डॉक्टरीण आली, अरिबा नावाची, तरणी पोर, पण समजावून सांगणं एकदम साधं. ती म्हणाली, "मक्यात साखर भरपूर असते, तो चांगला मुरतो. गवतात साखर कमी, म्हणून ते मुरायच्या आधी कुजतं. त्याला बाहेरून मदत लागते." आणि तिने पुडी दाखवली. कल्चर. "यात जिवाणू आहेत. ज्यांनी आपलं दही लागतं ना, त्यांचेच भाऊबंद. गुळाच्या पाण्यात कालवायचे आणि गवताच्या थराथरावर फवारायचे. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते, ती यांनाही मारून टाकेल. विहिरीचं घ्या. वरून दाबून हवा काढली की हे आत कामाला लागतात, चारा आंबट होतो, आणि आंबटात कुजवणारे जंतू जगत नाहीत."

सगळे माना हलवत होते. रूपा कधी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी तिने विचारलं, "मंग त्या आत जित्ता ऱ्हातस?"

"काम असेपर्यंत जिवंत. मग झोपल्यासारखे होतात," अरिबा म्हणाली. "पण त्यांनी एकदा राखलं की आत जे ठेवलंय ते तसंच राहतं. हवा लागू दिली नाही तर वर्ष काय, दोन वर्षं. लोणचं टिकतं तसं."

तेव्हा ते ऐकून कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. वाटण्यासारखं त्यात होतं काय.

पोळा होऊन गेल्यावर झुलालने नवा खड्डा भरायला काढला. खाली प्लास्टिक अंथरलं, कुट्टीचं मशीन आणि ट्रॅक्टर गनीभाईचं. गनी आमच्याच गावचा, दोन पिढ्यांपासून गाडीवाले, आता ट्रॅक्टर. झुलालचा शाळेपासूनचा दोस्त. मशीन कापून गवत खड्ड्यात उडवत होतं, झुलाल दाताळ्याने ते पसरवत होता, रूपा पाठीवर पंप अडकवून कल्चरचं पाणी मारत होती आणि गनी ट्रॅक्टर पुढे-मागे करून दाबत होता. सगळे अनवाणी. आमच्याकडे कडब्याच्या गंजीवरसुद्धा कोणी वहाण घालून चढत नाही. जनावराच्या तोंडचा घास, त्यावर चप्पल कशी ठेवणार. गनीसुद्धा अनवाणी पायाने ब्रेक दाबत होता. सगळ्यांच्या चपला खड्ड्याच्या काठावर एका रांगेत.

दिवस कलायला लागला आणि सातपुड्याच्या अंगाने काळं भरून आलं. मग जी पळापळ झाली. धारेची वेळ झाली म्हणून रूपा गोठ्यात गेली. मी डेअरीवर होते. शेवटच्या खेपा घाईघाईत पडल्या, मशीनच्या धुरळ्यात आणि संधिप्रकाशात माणसाला माणूस दिसत नव्हता. गनीने शेवटचे फेरे मारले, मजुरांनी वरून प्लास्टिक ओढलं, माती लोटली, जुने टायर टाकले आणि सर आली तसे सगळे पांगले. गनीला वाटलं झुलाल घरी गेला. रूपाला वाटलं तो गनीबरोबर ट्रॅक्टर धुवायला गेला. भाकरी करून ती वाट बघत बसली. त्याचा मोबाइल फळीवर होता.

सकाळी खड्ड्याच्या काठावर एकच जोड उरला होता. झुलालच्या चपला, पावसाने भिजलेल्या.

शोधायचं तेवढं शोधलं. विहिरी उपसल्या, नातेवाईक झाले, पोलिसांत हरवल्याची तक्रार झाली. सुरतेला कामाला असलेल्या आमच्या गावच्या पोरांनी तिकडच्या गल्ल्या धुंडाळल्या. कोणी म्हणालं, धरणगाव स्टेशनात सुरतच्या गाडीजवळ झुलालसारखा माणूस दिसला होता. सारखा. सारखी माणसं काय कमी असतात? पोलिसांनी तेच लिहून घेतलं आणि विषय मिटवला. रूपा मात्र एकच वाक्य बोलायची, "उघडा पायनं सुरत जाई का तो?"

चपला इथे आहेत म्हणजे माणूस अनवाणी आहे. आणि अनवाणी माणूस खड्ड्यात असतो. हे कोणी मोठ्याने बोललं नव्हतं तोवर ठीक चाललं होतं.

दिवाळीनंतर खड्ड्यावरची माती मधोमध खचली. मुरघास बसतो, त्याचं पाणी सुटतं, तो दबतो, हे शिबिरात सांगितलं होतं. पण खचली ती लांबट. डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळती. आता हे मी डोळ्यांनी पाहिलं, नाही म्हणत नाही. पण बघणाऱ्याने बघायचं तरी काय म्हणून? त्याच दिवशी खालच्या कडेने तपकिरी पाणी झिरपताना कोणीतरी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव कुजबुजायला लागलं की झुलाल आत आहे. ट्रॅक्टरखाली आला, वरून गवत पडलं, कोणाला कळलंच नाही.

गनी त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर चढला नाही. लिंबाखाली उभं केलं ते उभंच. डेअरीवर दूध घालायला आला तेव्हा मला म्हणाला, "अक्का, एकदा मागचं चाक उचललं होतं. दणका बसला होता. मी समजलो नेपियरचं ठोंब आलं. मी उतरून बघितलं नाही." मी म्हणाले, "ठोंबच असेल, वेड्यासारखं करू नकोस." तो कॅनमध्ये बघत उभा राहिला. मग दुसऱ्या महिन्यात सावद्याला निघून गेला, केळीच्या ट्रकांत घड चढवायला. स्वतःचं ट्रॅक्टर असलेला माणूस, लोकांची केळी खांद्यावर वाहायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, खड्डा उघडायचा ना, मग संशय मिटला. मीही तेच म्हणाले. चार जाणती माणसं घेऊन मी रूपाकडे गेले. रूपा उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आते उघाडा तं हवा जाई. बठ्ठा चारा नासी." गेल्या वर्षीचं पारडू सगळ्यांना आठवलं. चारा वाचवायला बघते आहे बिचारी, असं म्हणत सगळे परत फिरले. पोलिसांना परत बोलवावं असं एक-दोघं म्हणाले. पण मयताचा बोभाटा त्या बाईच्या दारात कोण नेणार, म्हणून तेही राहून गेलं.

चारा वाचवायला बघते आहे असं मीही धरून चालले. आणि मग थंडीत मी काय बघितलं ते सांगते. रोज सकाळी रूपा शेण-मातीचा गोळा घेऊन खड्ड्यावर जायची आणि भेगा लिंपायची. बोटभर भेग दिसली तरी लिंपायची. उंदराचं बीळ दिसलं की दगड ठोकून वर लिंपण. घराच्या भिंतींना पोपडे सुटले होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. खड्डा मात्र देवघरासारखा सारवलेला. त्या खचलेल्या जागेवर ती इतक्या हलक्या हाताने फिरवायची की मला बघवत नसे.

भिकुबाईचं तर डोकंच फिरलं होतं, वयानेही आणि दुःखानेही. ती कोवळ्या उन्हाला खड्ड्याच्या टेकाडाशी जाऊन बसायची आणि टायरांवर गोधडी पसरायची. मी विचारलं, "भिकुबाई, हे काय?" तर म्हणाली, "थंडी शे ना बाई. झुलालले लहानपनपासून थंडी सोसस नही." रूपा तिथेच शेण कालवत होती. तिने सासूला अडवलं नाही. गोधडीचं एक टोक दुमडलं होतं, ते तिने सरळ केलं.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. बाकीच्या बाया भ्यायच्या ते झुलालला. मला त्या दिवसापासून रूपाची भीती वाटायला लागली.

एक दिवस ती डेअरीवर दूध घालून रेंगाळली. सगळे गेले तरी जाईना. मग हळूच म्हणाली, "अक्का, ती डॉक्टरीण म्हने ना, आत जे ठेवं ते तसंच ऱ्हास. दोन वरीस. नासत नही."

"चाऱ्याबद्दल म्हणाली ती," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "पन तसंच ऱ्हास ना?"

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं, रोजच्यासारखं ठसठशीत. बांगड्या होत्या. तिच्या लेखी नवरा मेलेला नव्हता आणि परका झालेलाही नव्हता. खळ्यात होता. तिने स्वतःच्या हाताने त्या गवतावर कल्चर फवारलं होतं, आणि ते जिवाणू त्याला राखत होते. असं काहीतरी तिने मनाशी धरलं होतं. मी त्या दिवशी दूध मापायचं भांडं उगाच दोनदा धुतलं.

फाल्गुन सरला, चैत्र तापला. आमच्याकडचं ऊन काय सांगायचं, दुपारी विहिरीच्या काठावर पाखरू बसत नाही. रूपाचा दादर ज्वारीचा कडबा संपला. ती बांधावरचा पाला ओरबाडून म्हशींना घालायला लागली. दूध उतरत उतरत निम्म्यावर आलं, मग त्याच्याही खाली. म्हशींची हाडं मोजून घ्यावी अशी दिसायला लागली आणि पंचवीस पावलांवर खड्डाभर चारा. एका सकाळी माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "रूपा, मुक्या जनावरांना उपाशी मारतेस? पाप लागेल तुला. कशासाठी राखून ठेवलाय तो चारा?" तिने कॅनचं झाकण लावलं आणि गेली. संध्याकाळी ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दूध नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी हमीदा माझ्या दारात उभी. गनीची बायको. ओढणी घामाने चिकटलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, "अक्का, माझ्याबरोबर चला रूपाबाईकडे. मला एकटीला धीर होत नाही." गनी सावद्याहून परत आला होता. येऊन पडला होता. अंगात ताप नाही, काही नाही, पण घास घशाखाली उतरत नव्हता. खाटेवर बसून पायाकडे बघत राहायचा. पोरांना जवळ येऊ देत नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा रूपा गोठ्यात म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होती. हमीदाने प्रस्तावना केली नाही. तिने रूपाचा हात धरला आणि आमच्या भाषेतच बोलली, जशी त्या दोघी नेहमी बोलायच्या. "रूपाबाई, खड्डा उघाड. तो आत ऱ्हाई तं ऱ्हाई. नही तं नही. पन एकदाव त्याले बघू दे. तो रोज म्हनस, मी उतरीसन काबर नही दखं. मना माणूस जित्ता शे रूपाबाई, अन घरमां नही."

रूपा तिच्याकडे बघत राहिली. म्हैस मान वळवून पोतं खाली पाडत होती, ती रूपा परत परत नीट करत होती. हमीदा रडत नव्हती, नुसती हात धरून उभी होती. मला तेव्हा कळलं की ही बाई हमीदाला काय देऊ शकते आणि त्याच्या बदल्यात तिचं काय जाणार आहे. आणि हेही कळलं की हे मी तिच्या जागी असते तर दिलं नसतं.

"सकायले धाड त्याले," रूपा म्हणाली. "त्यानाच हातनं उघाडू."

सकाळी गाव जमलं. पण लांब, बांधापलीकडे. गनी आला तो दाढी वाढलेला, चालताना पाय ओढत. काठावर त्याने चपला काढल्या आणि हातात फावडं घेतलं. मजूर पुढे होत होते, त्यांना त्याने नको म्हटलं. टायर काढले, भिकुबाईची गोधडी बाजूला ठेवली, माती ओढली. रूपाने इतके महिने लिंपलेला तो थर खपल्यांसारखा निघत होता आणि ती बघत उभी होती. मग त्याने एका टोकाचं प्लास्टिक उचललं.

बांधावरच्या बायांनी पदर नाकाला लावले. मीही श्वास धरला होता.

वास आला तो आंबट-गोड. ताजी आंबील उकळताना येतो ना, तसा, त्यात थोडा गुळाचा. आत गवत पिवळट-हिरवं, मऊ, एक ठिपकाही काळा नाही. माझ्या जन्मात इतका सुरेख मुरघास मी पाहिला नव्हता. गोठ्यातून म्हशींनी ओरडायला सुरुवात केली, त्यांना वास गेला होता. रूपाने मूठभर उचललं, दाबलं, नाकाशी नेलं. तिच्या तोंडावर काही हललं नाही.

मुरघास उघडायची रीत अशी की एका टोकाने रोज लागेल तेवढाच कापायचा आणि बाकीचा झाकून ठेवायचा. गनीला ते कुठून सुचणार? तो मधल्या खचलेल्या जागेकडे कापत निघाला. सगळा चारा उपसून बाहेर ताडपत्रीवर. हवा लागत होती, गवत गरम व्हायला लागलं असतं. मी न राहवून ओरडले, "अरे, नासेल सगळं." रूपा माझ्याकडे न बघता म्हणाली, "खन, गनीभाऊ."

तो खणत राहिला. कमरेइतका आत गेला. आणि मधोमध फावडं कशावर तरी आपटलं. टणक. गनी जिथे होता तिथेच खाली बसला. फावडं त्याच्या हातून सुटलं. हमीदाने तोंडात ओढणी कोंबली. बांधावरचं सगळं गाव उभं राहिलं.

रूपा खड्ड्यात उतरली. तिने हाताने गवत उपसायला सुरुवात केली, आधी हळूहळू, मग दोन्ही हातांनी, मांजरं माती उकरतात तशी. मला तिचा चेहरा दिसत होता. देवाशपथ सांगते, त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यावर उजेड आला होता. ती कोणालातरी भेटायला निघाली होती.

हाताला लागलं ते घमेलं. लोखंडी घमेलं, ट्रॅक्टरच्या चाकाखाली पापडासारखं चेपलेलं. गूळ-पाणी कालवायला घेतलेलं, घाईत खाली राहून गेलेलं. तिने ते उचललं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग परत खणायला लागली. गनी उठला, तोही खणायला लागला. दोघांनी मिळून पार खालच्या प्लास्टिकपर्यंत नेलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली गवताच्या पाण्याचा ओशट थर होता, बाकी काही नाही.

गनी खड्ड्यातच कपाळ टेकून सजद्यात गेला आणि हुंदके द्यायला लागला. हमीदा उडी टाकून आत उतरली, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बांधावरची माणसं धावत आली. ज्या बाया इतके महिने वळसा घालून गेल्या त्या आता खड्ड्याच्या काठावर दाटी करून बोलत होत्या. "नाही गं बाई, नाही तो आत." "मी म्हणतच होते." म्हणतच होत्या म्हणे. भिकुबाई गोधडी छातीशी धरून सगळ्यांना सांगत सुटली, "मना झुलाल जित्ता शे. येई तो. येईच."

चारा उघडा पडला होता, तो वाचवायला हवा होता. मी आवाज चढवला आणि सगळ्यांना कामाला लावलं. गनीने लिंबाखालचं ट्रॅक्टर आणलं, इतक्या महिन्यांनी. पहिल्या फटक्यात सुरू झालं नाही, मग झालं. बाया चपला काढून आत उतरल्या, गवत परत भरलं, पायांनी तुडवलं. कोणीतरी गाणं धरलं. हसत होत्या. कोणी रूपाला पाठीमागून मिठी मारली, कोणी तिच्या कानाशी म्हणालं, "नशीबवान शेस माय, तुनं कुंकू शाबूत शे."

रूपा त्यांच्यातून निघून टोपलीभर मुरघास घेऊन गोठ्यात गेली. मी थोड्या वेळाने तिच्या मागे गेले. म्हशी खात होत्या, अधाशासारख्या, गव्हाणीत तोंड खुपसून. ती खांबाला टेकून उभी होती. मी म्हणाले, "आता म्हशी सुधारतील. दूध येईल बघ."

ती म्हणाली, "हां."

मग मीच मूर्खासारखी बोलले. मनात आलं ते बोलून टाकायची माझी खोड. "रूपा, पोरीच्या लग्नात घेतलेले त्याचे बूट होते ना गं? ते कुठे असतात?"

"पेटीमां," ती म्हणाली.

"आहेत?"

"मी पेटी उघाडी नही, अक्का." आणि पुढे म्हणाली, "आते कसाले उघाडू?"

बाहेर ट्रॅक्टर घरघरत होतं. गनी काहीतरी ओरडून मजुरांना सांगत होता, त्याच्या आवाजात परत जोर आला होता. रूपा तो आवाज ऐकत होती. मग तिने गव्हाणीतून सांडलेलं गवत पायाने आत सारलं आणि माझ्याकडे न बघता बोलली, जशी ती म्हशींशी बोलायची तशी.

"तो आठे, या खड्डामां ऱ्हाता ना अक्का, तं मना ऱ्हाता. आते तो त्याना पायनं गया."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती. तेवढ्यात बाहेरून बायांनी हाका मारल्या. त्या कुंकवाचा करंडा घेऊन दारात आल्या होत्या, भिकुबाई सगळ्यांत पुढे. रूपाने हात पदराला पुसले, दारापाशी गेली आणि कपाळ पुढे केलं.